विश्लेषण : मैदानावरचा उष्माघात टाळता येतो, तरीही फुटबॉलपटू सरावात का दगावतात?

फुटबॉल विश्वचषक २०२६ मधील प्रत्येक सामन्यात, हवामान कसेही असले तरी, दोन्ही सत्रांत तीन-तीन मिनिटांची पाणी-विश्रांती देण्याचा निर्णय ‘फिफा’ने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. उन्हाचा धोका आता मोठ्या स्पर्धांनीही मान्य केला आहे. मात्र उष्माघाताने खेळाडू प्राण गमावतात ते बहुतेक वेळा भरगच्च स्टेडियममध्ये नव्हे, तर प्रेक्षक नसलेल्या सराव मैदानावर. याचा सर्वाधिक कटू अनुभव आहे तो अमेरिकेला. तेथे हेल्मेट आणि खांद्यावर जाड पॅड घालून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचे सराव ऐन जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि अनेक वर्षे त्यात शाळकरी मुलांचेही बळी गेले आहेत. धोका ठाऊक आहे, उपचार ठाऊक आहे, तो महागही नाही. मग घोडे अडते कुठे?

सामन्यापेक्षा सराव धोकादायक का?

सामन्यात खेळाडू बदलता येतो, खेळ थांबतो, पंच आणि डॉक्टर समोर असतात. सरावात मात्र एकच व्यक्ती सर्व ठरवते, ती म्हणजे प्रशिक्षक. किती फेऱ्या धावायच्या, पाणी कधी प्यायचे, कोणाला बसू द्यायचे, हे त्याच्या शब्दावर चालते. शिवाय हंगामापूर्वीच्या सरावाचा हेतूच खेळाडूला दमवणे हा असतो. सामन्याच्या मोसमात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, अमेरिकेच्या बऱ्याच भागांत हवा निवळू लागते, पण तयारी उन्हाळ्यातच करावी लागते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, उष्म्यामुळे किमान एक दिवस खेळापासून दूर राहावे लागलेल्या शालेय खेळाडूंची संख्या वर्षाला सरासरी ९ हजारांहून अधिक होती. फुटबॉलमधील हे प्रमाण इतर आठ खेळांच्या सरासरीच्या १० पट होते आणि बहुतांश घटना ऑगस्टमधल्या होत्या. १९८० ते २००९ या काळात फुटबॉलपटूंच्या उष्म्यामुळे झालेल्या ५८ मृत्यूंचा अभ्यास जॉर्जियातील संशोधकांनी केला. त्यातही ऑगस्ट महिना आघाडीवर होता. दगावलेल्यांत वजनदार शरीराचे, ‘लाइनमन’ म्हणून खेळणारे तरुण जास्त होते आणि निम्म्याहून अधिक घटना सकाळच्या सरावातल्या होत्या. सकाळी पारा कमी असला तरी हवेतील दमटपणा जास्त असतो. ‘सकाळची वेळ आहे, काही होत नाही’ हा समज येथे घातक ठरतो.

शरीरात नेमके काय बिघडते?

स्नायू जी ऊर्जा वापरतात, त्यातील जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी कामी येतो. उरलेली उष्णता म्हणून बाहेर पडते. जोरात धावणाऱ्या माणसाच्या शरीरातील ही उष्णता बाहेर टाकता आली नाही, तर शरीराचे तापमान पाच ते आठ मिनिटांत एक अंशाने वाढू शकते. ते वाढत नाही, कारण घाम सुकतो आणि त्वचा थंड होते. घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. दमट हवेत तो निथळून जातो, सुकत नाही. त्यात हेल्मेट आणि पॅडने डोके, खांदे, छाती झाकलेली असेल तर शरीराची उष्णता बाहेर पडण्याच्या वाटाच बंद होतात. वजनदार खेळाडूच्या शरीरात उष्णता अधिक तयार होते, पण वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी पडते.

याच वेळी हृदयावर दुहेरी ताण येतो. स्नायूंना रक्त हवे असते आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही हवे असते. घामातून पाणी जात असल्याने रक्ताचे आकारमान घटलेले असते. शरीराच्या आतील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले आणि मेंदूचे काम बिघडू लागले की त्याला श्रमजन्य उष्माघात म्हणतात. खेळाडू अडखळतो, असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, समोर कोण आहे हे ओळखत नाही आणि कोसळतो. अशा वेळी अंग कोरडे पडलेले असेलच असे नाही. घामाने निथळणारा खेळाडूही उष्माघाताने कोसळू शकतो. उन्हात नुसते बसून वयस्कर माणसाला होणाऱ्या उष्माघातात आणि यात हा फरक आहे. तो तासांत-दिवसांत होतो, हा अर्ध्या-एक तासात निरोगी तरुणाला गाठतो.

पहिलाच आठवडा घातक का ठरतो?

उष्म्याला सरावायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, त्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. सुट्टीत वातानुकूलित खोलीत राहिलेला खेळाडू पहिल्या दिवशी मैदानात उतरतो तेव्हा यातले काहीच झालेले नसते. नेमके त्याच दिवसांत प्रशिक्षकाला खेळाडूंची तंदुरुस्ती आजमावायची असते आणि खेळाडूला संघातील जागा मिळवायची असते. दोघांचीही घाई एकाच आठवड्यात असते.

म्हणूनच अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) २००३ मध्ये पहिल्या पाच दिवसांसाठी नियम केला. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे दोन दिवस हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, पूर्ण पोशाख पाचव्या दिवशी. या पाच दिवसांत दिवसाला एकच सराव. दिवसातून दोनदा पूर्ण सराव घेण्याची जुनी पद्धत तर २०१७ मध्ये बंदच करण्यात आली.

पारा नव्हे, तर काय मोजायचे?

हवामान अंदाजात दिसणारे कमाल तापमान सावलीतले असते. उन्हातल्या खेळाडूसाठी ते अपुरे ठरते. त्यामुळे ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ (डब्ल्यूबीजीटी) हा निर्देशांक वापरला जातो. ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाचे वाचन (दमटपणा आणि वारा यांचा परिणाम), काळ्या गोळ्यातील तापमापकाचे वाचन (थेट ऊन) आणि साधे हवेचे तापमान यांना अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के महत्त्व देऊन तो काढतात. हा निर्देशांक मुळात खेळासाठी नव्हे, तर सैन्यासाठी तयार झाला. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या प्रशिक्षण तळांवर नवे जवान उन्हात कोसळू लागले, तेव्हा कवायत कधी थांबवायची हे ठरवण्यासाठी तो वापरात आला.

जॉर्जिया राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने २०१२ मध्ये याच निर्देशांकावर आधारित नियम लागू केले. निर्देशांक सुमारे २८ अंशांच्या खाली असेल तर नेहमीचा सराव. ३०.५ च्या वर गेल्यास जास्तीत जास्त दोन तास, तेही हेल्मेट, खांद्याचे पॅड आणि आखूड चड्डीवर. ३२ च्या वर गेल्यास एकच तास, कोणतेही पॅड नाही, दमसास वाढवण्याच्या फेऱ्या नाहीत आणि त्या तासातही २० मिनिटांची विश्रांती. ३३.३ च्या वर सराव रद्द. यात प्रशिक्षकाच्या अंदाजाला वाव नाही. हातातील यंत्र जो आकडा दाखवेल तो अंतिम. या नियमांनंतर राज्यातील शालेय फुटबॉलपटूंमधील उष्माविकारांचे प्रमाण घटल्याचे संशोधनात दिसून आले.

‘सॉकर’मध्ये मात्र मर्यादेवरून वाद आहे. ‘फिफा’ अनेक वर्षे ३२ अंश डब्ल्यूबीजीटी ही पाणी-विश्रांतीची मर्यादा मानत आली. २०१४ च्या विश्वचषकात फोर्तालेझा येथील नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात अशी विश्रांती घ्यावी लागली होती. खेळाडूंची जागतिक संघटना ‘फिफप्रो’च्या मते ही मर्यादा फार वरची आहे. विश्रांती २६ अंशांपासूनच मिळावी आणि निर्देशांक २८ च्या वर गेल्यास सामना वा सराव पुढे ढकलावा, अशी तिची मागणी आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या क्लब विश्वचषकात सिनसिनाटी येथील सामन्यात बोरुसिया डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी पूर्वार्ध बाकावर नव्हे, तर ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिला, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला.

कोरी स्ट्रिंगरच्या मृत्यूने काय बदलले?

मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर २७ वर्षांचा होता. वजन दीडशे किलोच्या आसपास. ३१ जुलै २००१ रोजी मॅनकाटो येथील सराव शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी तो कोसळला. रुग्णालयात त्याच्या शरीराचे तापमान ४२.७ अंश सेल्सियस नोंदले गेले. १ ऑगस्टच्या पहाटे त्याचा मृत्यू झाला. पैशाची, डॉक्टरांची, सुविधांची कमतरता नसलेल्या ‘एनएफएल’मध्ये हे घडल्याने देश हादरला.

त्याच्या पत्नीने न्यायालयात धाव घेतली. लीगबरोबर २००९ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी कनेक्टिकट विद्यापीठात ‘कोरी स्ट्रिंगर इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. डग्लस कासा यांच्या नेतृत्वाखालील ही संस्था आज खेळाडू, जवान आणि मजुरांमधील उष्माघातावर काम करते. स्ट्रिंगरनंतर ‘एनएफएल’मध्ये उष्माघाताने मृत्यू झालेला नाही. मात्र हा बदल व्यावसायिक संघांत जितका झपाट्याने झाला, तितका महाविद्यालयांत आणि शाळांत झाला नाही.

मेरीलँड विद्यापीठात काय चुकले?

स्ट्रिंगरनंतर १७ वर्षांनी, २९ मे २०१८ रोजी, मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा खेळाडू जॉर्डन मॅकनेअर ११० यार्डांच्या फेऱ्या धावताना त्रास होऊन कोलमडला. १३ जूनला त्याचा रुग्णालयात मृत्यू झाला. विद्यापीठाने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत दिसले ते असे : त्रास सुरू झाल्यानंतर त्याला मैदानाबाहेर नेण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. लक्षणे दिसू लागल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून अधिक काळ लोटला. शरीराचे आतील तापमान मोजले गेले नाही. त्याला थंड पाण्यात बुडवले गेले नाही.

विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष वॉलेस लो यांनी ऑगस्टमध्ये या मृत्यूची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना नियामक मंडळाने ३० ऑक्टोबरला कायम ठेवले, त्यावर संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना हटवण्यात आले. २०२१ मध्ये कुटुंबाला ३५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली आणि त्याच वर्षी मेरीलँडमध्ये खेळाडूच्या नावाने कायदा झाला. चूक वैद्यकशास्त्राच्या मर्यादेची नव्हती, हे या प्रकरणाने ठळकपणे दाखवले. काय करायचे ते लिहिलेले होते, फक्त केले गेले नाही.

उपचार नेमका काय?

‘आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या’ हे या उपचाराचे सूत्र. सामान्य माणसाची पहिली प्रतिक्रिया रुग्णवाहिका बोलावून रुग्णाला त्यात घालण्याची असते. श्रमजन्य उष्माघातात मात्र वाटेतील वेळ जिवावर बेततो. शरीर किती तापले यापेक्षा ते किती वेळ तापलेले राहिले, यावर मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांची हानी ठरते. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ अंशांखाली आणणे हे उद्दिष्ट असते. त्यासाठी मैदानाच्या कडेला बर्फ आणि पाण्याने भरलेला टब तयार हवा. खेळाडूला मानेपर्यंत त्यात बसवायचे, डोके वर धरायचे, पाणी ढवळत राहायचे. यामुळे तापमान मिनिटाला सुमारे ०.२ अंशाने उतरते, म्हणजे ४२ वरून ३९ वर यायला साधारण १५ मिनिटे लागतात. रुग्णवाहिका लगेच बोलवायचीच, पण ती येईपर्यंत टबमध्ये उपचार सुरू ठेवायचे.

तापमान मोजायचे तेही गुदद्वारातून. कपाळ, काख, तोंड येथील मोजणी श्रमाने तापलेल्या शरीरात फसवी ठरते आणि ‘फार ताप नाही’ असा खोटा दिलासा देते.

हे उपचार चालतात याचा पुरावा मॅसॅच्युसेट्समधील फालमाउथ येथील धावण्याच्या शर्यतीत आहे. तेथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर शर्यतीच्या जागीच टबमध्ये उपचार झाले. सर्वच्या सर्व वाचले.

पाणी प्यायले की पुरेसे नाही का?

पाणी आवश्यक आहे, पण ते कवच नव्हे. भरपूर पाणी प्यायलेला खेळाडूही जाड पोशाखात, दमट हवेत, न थांबता धावला तर कोसळू शकतो. उलट भीतीपोटी अतिपाणी पिणेही जिवावर बेतते. २०१४ मध्ये जॉर्जियातील एका शालेय फुटबॉलपटूचा सरावानंतर अतिप्रमाणात द्रव प्यायल्याने मृत्यू झाला. रक्तातील सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येते. तहान लागेल तसे, थोडे थोडे, मोकळेपणाने पाणी पिता येणे हाच मध्यममार्ग. त्यापेक्षा महत्त्वाचे ते सावली, विश्रांती आणि वेग कमी करण्याची मुभा. आजारपण, ताप, अपुरी झोप, आदल्या दिवशी झालेला त्रास, काही औषधे आणि उत्तेजक पेये यांनीही धोका वाढतो.

‘थांबलास तर संपलास’ ही मानसिकता किती जबाबदार?

१९५४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी जंक्शन या गावी दुष्काळी उन्हात १० दिवसांचे शिबिर घेतले. पाण्याची विश्रांती नव्हती. एका खेळाडूला उष्माघात झाला, तो कसाबसा वाचला. बहुसंख्य खेळाडू पळून गेले, टिकलेल्या ३५ च्या आसपास जणांची पुढे आख्यायिका झाली. पाणी मागणे म्हणजे दुबळेपणा, ही शिकवण अशा आख्यायिकांतूनच पिढ्यान्पिढ्या झिरपली.

२००८ च्या ऑगस्टमध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे १५ वर्षांचा एक शालेय खेळाडू फेऱ्या धावताना कोसळला आणि तीन दिवसांनी मरण पावला. सराव घेणाऱ्या प्रशिक्षकावर निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा खटला चालला. २००९ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. खटल्याच्या निकालाने प्रशिक्षक सुटला, पण प्रश्न सुटला नाही. कोणी वाईट हेतूने मुलांना मारत नाही. ज्या पद्धतीने आपण घडलो त्याच पद्धतीने पुढची पिढी घडवायची, एवढेच बहुतेकांच्या मनात असते. १५ वर्षांचा मुलगा प्रशिक्षकासमोर ‘मला जमत नाही’ म्हणू शकत नाही. म्हणून थांबण्याचा निर्णय त्याच्यावर सोडता येत नाही.

नियम कागदावर असूनही भागत नाही. अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश माध्यमिक शाळांत प्रशिक्षित ‘ॲथलेटिक ट्रेनर’ उपलब्ध नाही. फ्लोरिडाने २०२० मध्ये शाळांना थंड पाण्याचे टब ठेवणे कायद्याने बंधनकारक केले, ते एका शालेय फुटबॉलपटूच्या मृत्यूनंतरच. नियमांत आघाडीवर असलेल्या जॉर्जियातही २०१९ मध्ये बास्केटबॉल संघातील १६ वर्षांची मुलगी मैदानावरील सरावात दगावली.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उन्हात बसलेल्या १४ जणांचा मृत्यू झाला. नुसते बसून हे होत असेल, तर धावणाऱ्यांचे काय? जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे मृत्यू झाले आणि सरकारला अंतर तीन किलोमीटरवर आणावे लागले. हे उमेदवार आणि अमेरिकेतील फुटबॉलपटू यांच्यात साम्य आहे : वय तरुण, जिद्द मोठी, उष्म्याचा सराव अपुरा आणि थांबण्याची किंमत फार मोठी.

भारतीय हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा इशारा मुख्यतः कमाल तापमानावर ठरतो : मैदानी भागांत ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा मोठी वाढ. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात ३४ अंशांच्या दमट दिवशी असा इशारा नसतो, पण मैदानावरील डब्ल्यूबीजीटी धोक्याच्या पातळीवर असू शकतो. कोल्हापूरच्या तालमींचे संघ असोत, गोव्यातील क्लब असोत, उन्हाळी सुट्टीतील शिबिरे असोत किंवा भरतीपूर्व अकादमी, हा धोका सगळीकडे सारखाच आहे.

त्यावरचे उपाय खर्चिक नाहीत. पहिले १० दिवस सराव हळूहळू वाढवणे, हातात धरायचे एक डब्ल्यूबीजीटी यंत्र, कोणता आकडा आल्यावर सराव थांबवायचा याचा लेखी नियम, मैदानाजवळ पाण्याने भरलेले मोठे पिंप वा टब आणि बर्फाच्या लाद्या. टब नसेल तर ओल्या चादरी, बर्फ आणि पाण्याचा सतत मारा. आणि कोणाचे बोलणे अडखळू लागले तर कोणाचीही परवानगी न घेता सराव थांबवण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती. स्ट्रिंगर आणि मॅकनेअर यांच्या मृत्यूंमध्ये १७ वर्षांचे अंतर होते. त्या काळात उपचार बदलला नव्हता, तो मैदानाच्या कडेला तयार ठेवण्याचे मात्र राहून गेले होते.